डब्यातला धवला

काशादादा कम्प्युटर चालू करायचा तेव्हा पडद्याकडे बघायचाच नाही. बटण दाबून झालं की खाली वाकून कॅबिनेटला कान लावायचा. उजवा कान, कारण डावा लूमच्या खटखटाटाने अर्धा गेलेला. आत पंखा सुरू व्हायचा, मग डिस्क कुरकुरायची, मग एक बारीक टिक. ती टिक झाली की मान वर करून म्हणायचा, "उठला." त्याआधी खोलीत कोणी तोंड उघडलेलं त्याला चालत नसे. एकदा माझ्या बाबांनाही त्याने हात वर करून गप केलं होतं, आणि माझ्या बाबांना गप करणारा माणूस आमच्या आळीत दुसरा नव्हता.

"आधी आयकाचा, मंग हात लावाचा." हे त्याचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मला त्याचा कंटाळा यायचा. आता येत नाही. आता काहीच येत नाही, खरं सांगायचं तर. तो गेला त्यालाही बरेच दिवस झाले आणि मी अजून रडलेली नाही. लोक म्हणतात, रडून घे. रडणं म्हणजे काय रेशनचं रॉकेल आहे, की रांगेत उभं राहिलं आणि घेऊन आलं?

तर काशादादा. काशिनाथ त्याचं नाव. भिवंडीजवळच्या वळ गावात आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. धामणकर नाक्याजवळच्या एका कापडाच्या कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. चाळीस लूम एकदम चालू असताना त्यातला कुठला आजारी आहे ते त्याला दारातून कळतं, असं लोक सांगायचे. मी कारखान्यात कधी गेले नाही, त्यामुळे खरंखोटं मला माहीत नाही. पण आमचा मिक्सर जळणार आहे हे त्याने भिंतीपलीकडून दोन दिवस आधी सांगितलं होतं, आणि तो जळला.

गावातल्या भाताच्या जमिनी गोडाऊनवाल्यांकडे जायला लागल्या त्या वर्षांतली ही गोष्ट आहे. ज्याच्या हातात पैसा आला त्याने जीप घेतली, घराला ग्रॅनाईट लावला, गळ्यात बैलाच्या दाव्याएवढी चेन घातली. काशादादाने मुंबईहून एक जुना कम्प्युटर आणला. गोणपाटात गुंडाळून, टेम्पोत स्वतः मागे बसून, मॉनिटर मांडीवर घेऊन. गाव पोट धरून हसलं. तो तिशी ओलांडलेला आणि बिनलग्नाचा, त्यामुळे लोकांना विषय आयताच मिळाला. "काशाला नवरी मिलंना, म्हनून टीवी आनला, आनि त्या टीवीवर पिच्चर पन लागं न्हाय."

मी तेव्हा आठवीत होते. त्याची शाळा सातवीला सुटलेली, इंग्रजी अक्षरं तो ओळखायचा, वाचायला मात्र माणूस लागायचा. भिंतीवरून हाक मारून त्याने मला बोलावलं आणि सरळ सौदा केला. "तू वाच, मी आयकतो. दोघं मिलून शिकू." गावात मुलीला मोबाईलसुद्धा हातात द्यायचे नाहीत, आणि हा माणूस मला स्क्रू ड्रायव्हर देऊन म्हणायचा, खोल. मी सहा महिन्यांत त्या डब्याचा प्रत्येक स्क्रू ओळखायला लागले. कम्प्युटरला तो डबाच म्हणायचा. मॉनिटर म्हणजे तोंड आणि कॅबिनेट म्हणजे डबा.

त्याची एक वही होती, कारखान्यातल्या कापडाच्या ताग्यांची आवक लिहायची लांबडी वही. तीत तो कमांड मराठीत लिहून ठेवायचा, आणि पुढे अर्थ स्वतःच्या भाषेत. 'डी आय आर: आत कोन कोन हाय ते सांग.' 'कॉपी: जुलं कर.' 'डिलीट: घराबाहेर काढ, पन मेला न्हाय.' आणि एका पानावर लाल पेनाने, चौकट करून: 'फॉरमॅट: घर पाडून जमीन सपाट. हात लावाचा न्हाय.' त्या दिवसांत गावाच्या वरच्या अंगाला रोज एक बुलडोझर चालू असायचा, त्यामुळे हा अर्थ मला समजावून सांगावा लागला नाही.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी डबा उघडून साफ करायचा. भिवंडीत कापसाचा भुगा कुठे जात नाही ते विचारा. काशादादाच्या केसांतून, शर्टातून तो घरी यायचा आणि रात्री कम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसायचा. आम्ही सायकलच्या पंपाने हवा मारून तो उडवायचो. त्याच्या आईने, हौसाकाकूंनी, कारखान्यातल्या कोऱ्या, न रंगवलेल्या कापडाचं झाकण शिवलं होतं, कडेला लाल किनार लावून. देवाला सोवळं असतं तसं त्या ते झाकण दुसऱ्या कोणाला धुवायला देत नसत.

हौसाकाकू आमच्या गावच्या धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले म्हणते. हळदीला एक, मांडवाला एक, पाणी आणायला एक, अशी रात्रभर पुरतील एवढी गाणी. त्या गाण्यांत ती देवांना, पितरांना, गावदेवीला, खाडीला, एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. कागदावर काही नाही. एका बाईच्या गळ्यातून दुसरीच्या गळ्यात जायचं. हौसाकाकूंच्या मागे शिकायला कोणी बसत नव्हती. पोरींना बेंजोवर नाचायचं होतं. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

काशादादाच्या डोक्यात आलं की आईचे सगळे धवले डब्यात भरून ठेवायचे. कॅसेट का नाही, म्हणून मी विचारलं. म्हणाला, खाडीची हवा कॅसेटला बुरशी लावते, मावशीचा आवाज असाच गेला. त्याने एक माईक आणला, मी सेटिंग लावलं, आणि काकूंना पाटावर बसवलं. काकू बसल्या, माईककडे बघितलं आणि उठल्या.

"लगीन कुनाचा हाय?"

"कुनाचाच न्हाय आये. नुसता गा."

"नुसता? धवला म्हटला का देव येतान. मांडव न्हाय, हलद न्हाय, नवरा-नवरी न्हाय, कशाला बोलवू त्यांना? येतील नि उपाशी जातील. तुजा लगीन कर, मंग सगला गाते."

तिथे गाडं अडलं. दोन महिने अडलं. काशादादाला कोणी मुलगी द्यायला तयार नव्हतं. ऐकू कमी येतं, त्यात डोक्याने सरकलेला, अशी त्याची ख्याती. आणि काकू एक ओळ गुणगुणायलाही तयार नाहीत. मग एका गुरुवारी तो भिंतीवरून म्हणाला, "उद्या येताना हलद आन. डब्याचा लगीन लावतो."

मला वाटलं मस्करी. मस्करी नव्हती. शुक्रवारी दुपारी अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा चार बांबूंचा मांडव उभा होता. आत टेबलावर मॉनिटर आणि कॅबिनेट शेजारी शेजारी. मॉनिटर नवरी, कॅबिनेट नवरा. काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मला वाटलं आता झाडू येतो.

"ह्या काय?"

"खरा लगीन हाय आये. बग, हिच्याशिवाय हा मुका, नि ह्याच्याशिवाय ही आंदली. जन्मात एकमेकाला सोडनार न्हाईत. गावात असा जोडा दाखव."

काकू हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. मग आत गेल्या, नऊवारी बदलून आल्या, आणि एकदा ठरवल्यावर त्यांनी काहीही अर्धवट केलं नाही. दोघांना हळद लावली. माऊसला करवली केलं. मुंडावळ्या बांधल्या. माझ्या आईने अक्षता टाकल्या त्या सरळ फ्लॉपीच्या फटीत गेल्या. पुढे तीन वर्षं डबा उघडला की कुठून तरी पिवळा तांदूळ पडायचा. नैवेद्याला भाकरी आणि सुकटाची चटणी होती. देव उपाशी गेले नाहीत.

मग काकू पाटावर बसल्या आणि गायल्या.

त्या आवाजाबद्दल मी काय सांगणार? जाडा होता. मधेच चिरायचा. पण गावदेवीचं नाव घेताना त्या थांबायच्या, खरंच कोणी आत येतंय आणि त्याला वाट द्यायची आहे अशा. आठ शुक्रवार गाणं चाललं. मागच्या रस्त्यावर ट्रेलर रिव्हर्स घ्यायला लागला की काशादादा हात वर करायचा आणि काकू ओळीच्या मधोमध थांबायच्या. एकोणीस धवले भरले. चार जीबीची डिस्क, त्यातली निम्मी काकूंनीच अडवली.

सीडीवर उतरवून घेऊ, असं मी त्याला म्हटलं होतं. नाक्यावर एका दुकानात सोय होती. पण त्याला आधी ते साफ करायचे होते. प्रत्येक धवला तो कानाला हेडफोन लावून शंभरदा ऐकायचा, कोंबडीचा आवाज काढायचा, श्वास काढायचा, मग म्हणायचा, श्वास नको काढायला, आई वाटत न्हाय, आणि परत ठेवायचा. "सगला साफ झाला का मंगच उतरवाचा." ही त्याची चूक. माझ्या चुकीपुढे ती काहीच नाही, पण त्याचीही एक होती हे मी लिहून ठेवते.

पुढच्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं शाबूत होतं. सगळं कळायचं, डावा हात चालायचा, तोंडातून मात्र घरघर. गावातल्या बायका येऊन हळहळायच्या, "धवलारनीचीच वाचा गेली गो." काकू डावा हात उचलून टेबलाकडे दाखवायच्या. डब्याकडे. म्हणजे, तिथे आहे. काळजी करू नका.

मी तेव्हा अकरावीत होते आणि मला फार येत होतं. फार येणारं माणूस भयंकर असतं. क्लासच्या सरांनी नव्या सिस्टीमची सीडी दिली होती. काशादादाचा डबा व्हायरसने रखडत होता, उठायला दहा मिनिटं लावायचा. तो पहिल्या शिफ्टला गेलेला. मला वाटलं, संध्याकाळी येईल तेव्हा डबा पळत असेल, खूश होईल. धवले डिस्कच्या दुसऱ्या भागात होते, मी पहिलाच भाग साफ करणार होते. पडद्यावर निळी पाटी आली, डिस्कच्या दोन भागांच्या दोन ओळी, दोन आकडे. मग खाली एक वाक्य आलं. ते मी वाचलं नाही. मला वाटलं, नेहमीचंच विचारतोय. 'वाय' दाबलं. वही माझ्या कोपराखाली होती. लाल चौकटीचं पान उघडं नव्हतं, पण वही तीच होती.

चाळीस मिनिटांनी डबा नवाकोरा. धवले बघायला दुसऱ्या भागात गेले. दुसरा भाग नव्हताच. सगळी एकच मोकळी जमीन.

पलीकडच्या खाटेवर काकू झोपल्या होत्या. मी तिथेच बसून राहिले. पळून जावंसं वाटलं नाही, रडावंसं वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. ते तेव्हापासून थोडंफार राहिलंच आहे.

तो आला. हातपाय धुतले. बटण दाबलं, कान लावला. टिक वाजली, तरी मान वर केली नाही. तसाच वाकून राहिला.

"हलका वाजतो," म्हणाला.

मी सांगितलं. एका दमात, खाली बघून. तो खुर्चीवर बसला. काकूंच्या खाटेकडे बघितलं. मग अगदी हळू, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाला, "जागा झाली ना? बरा झाला. भरला होता फार." एवढंच. त्याने मला मारलं असतं तर मी आज वेगळी बाई असते. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो डिस्क पिशवीत घालून कल्याणला, मग मुंबईला घेऊन गेला. वर नवी सिस्टीम बसलीय, खालचं काही निघणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. परत येऊन त्याने ती डिस्क जागेवर बसवली आणि मला म्हणाला, "आयेला बोलाचा न्हाय. तिचा आवाज तिथं हाय, असा तिला वाटते. वाटू दे."

त्यानंतर काकूंनी डाव्या हाताने खूण केली, लाव, ऐकू दे, की तो म्हणायचा, "लाईट न्हाय आये." आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग इतकं होतं की हे उत्तर कधीही खपायचं. सकाळी खपायचं, दुपारी खपायचं. आठ-दहा महिने खपलं. मी तिथे असले तर मीही मान हलवायचे, हो ना काकू, लाईटच नाही.

एका शुक्रवारी दुपारी त्यांनी खूण केली. तो म्हणाला, "लाईट न्हाय गो." काकूंनी डावा हात उचलला आणि बोट वर केलं. वर पंखा फिरत होता.

आम्ही तिघंही पंख्याकडे बघत बसलो. मग काशादादा उठला, टेबलाशी गेला, आमच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसला आणि गायला लागला. पहिला धवला, गावदेवीला बोलावण्याचा. आवाज बेसूर, लूमच्या गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसाचा, गरजेपेक्षा मोठा. पण शब्द सगळे होते. थांबायच्या जागा होत्या. साफ करता करता त्याने ते एवढ्या वेळा ऐकले होते की ते त्याच्यात जाऊन बसले होते, आणि मला वाटतं त्या क्षणापर्यंत त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

काकूंना तेव्हाच कळलं असणार. त्या काही खुळ्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. त्यांना ऐकायचं होतं. तिसऱ्या ओळीवर तो चुकला. काकूंनी डाव्या हाताने खाटेच्या कठड्यावर थाप मारली. तो थांबला, ओळ परत घेतली. परत थाप. परत घेतली. यावेळी थाप आली नाही.

पुढची दोन वर्षं दर शुक्रवारी हेच. डबा साफ करणं बंद झालं. तो गायचा, त्या थाप मारायच्या. कधी एका ओळीवर दुपार जायची. तो चिडायचा, "आये, असाच हाय, मी शंबरदा आयकलाय," आणि त्या परत थाप मारायच्या. एकोणिसावा धवला बिनथापेचा झाला त्यानंतरच्या पावसाळ्यात काकू गेल्या. त्याने मला सांगितलं नाही की मी तुला माफ केलं, आणि मीही विचारलं नाही. आमच्यात तो विषयच निघाला नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा गावात धवलारीण उरली नव्हती. शेजारच्या गावातली एक होती, तिला त्या तिथीला तीन घरांनी धरलेलं. आई म्हणाली, जाऊ दे, बेंजोवाले आहेत, भटजी आहेत. हळदीच्या दिवशी मी पाटावर बसले. काशादादा इस्त्रीचा शर्ट घालून आला, बायकांच्या घोळक्यातून वाट काढत माझ्या बाजूला मांडी घालून बसला आणि बेंजोवाल्यांना हात वर करून गप केलं.

बायका पदरात तोंड घालून खिदळायला लागल्या. एक म्हातारी ओरडली, "गो बाय, बाप्या धवला गातो का कदी?"

"तुमाला येतो का कुनाला?" त्याने शांतपणे विचारलं. "न्हाय ना? मंग आयका."

आणि तो गायला. चुकला कुठेच नाही. गावदेवीच्या नावाला थांबला, आणि त्या म्हातारीने नकळत पाय आखडून घेतला, कोणाला तरी जागा दिल्यासारखा. खिदळणं कधी बंद झालं ते कळलं नाही. शूटिंगवाला लाईट घेऊन अगदी जवळ येऊन उभा होता. संपल्यावर काशादादाने त्याला विचारलं, "आवाज आला ना रं?" तो म्हणाला, "एकदम क्लिअर, दादा." तेवढ्यावर भागलं नाही. काशादादा उठला आणि त्याच्या कॅमेऱ्याला कान लावला. आत कॅसेट फिरत होती.

"फिरते," तो म्हणाला. मग माझ्या हळदीने भरलेल्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आता तुज्यावर काय बाकी न्हाय." त्या दिवसाआधी आणि त्यानंतर मला एवढं हलकं कधी वाटलं नाही.

लग्नाची सीडी दोन महिन्यांनी आली. सासरच्यांनी बघितली. मी आत पाहुण्यांचा चहा करत होते. काशादादाचा फोन आला. "धवला आला का गो सीडीत?"

मी सीडी बघितली नव्हती. म्हटलं, "हो रे, आलाय. छान आलाय."

"मंग बरा," म्हणाला.

त्यानंतर वर्षाच्या आतच शिफ्टमध्ये त्याच्या छातीत कळ आली. शेजारच्या लूमवाल्याला ते लगेच कळलंही नाही, आवाजच एवढा असतो तिथे. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी माहेरी आले, सगळं बघितलं, घरी गेले. तेराव्यानंतर मी ती सीडी शोधून काढली आणि लावली.

माझी हळद. आंब्याच्या डहाळ्या, पिवळी माणसं. मग काशादादा येतो, मांडी घालतो, हात वर करतो, तोंड उघडतो. आणि त्यावर एक हिंदी पिक्चरचं गाणं वाजतं. अख्ख्या सीडीवर गाणीच आहेत. त्याचं तोंड उघडतंय, मिटतंय, मधे थांबतंय, आणि वरून ढोलक आणि व्हायोलिन. त्याच्या चेहऱ्याभोवती बदामाचा आकार येतो, गुलाबाच्या पाकळ्या पडतात.

मी शूटिंगवाल्याच्या नाक्यावरच्या दुकानात गेले. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "ताई, ओरिजनल आवाज कोणी ठेवत नाही, लोकांना गाणं लागतं." मी मूळ कॅसेट मागितली. "सहा महिने ठेवतो आम्ही. तोपर्यंत कोणी मागितली की देतो. नंतर त्याच्यावरच पुढची लग्नं घेतो. कॅसेट किती सांभाळणार?" म्हणजे काशादादाचा फोन आला तेव्हा ती कॅसेट नाक्यावरच्या त्या दुकानात, कपाटात, शाबूत होती. मी फक्त सीडी लावून बघायची होती. नुसतं ऐकायचं होतं.

मी 'बरं' म्हटलं आणि रिक्षात बसले.

हल्ली मी मानकोलीला एका गोडाऊनच्या ऑफिसात कम्प्युटरवर बसते. दिवसभर पडद्यावर पाट्या येतात, नक्की का, नक्की का. मी प्रत्येक पाटी शेवटपर्यंत वाचते. बाकीचे वैतागतात. वैतागू देत.

माहेरी गेले की बरोबर नेलेली ती सीडी लावते. आवाज पूर्ण बंद करते आणि त्याच्या तोंडाकडे बघून ओळी जुळवायचा प्रयत्न करते. पहिल्या धवल्याच्या तीन लागतात. चौथीला त्याचे ओठ कुठल्या शब्दावर मिटतात ते कळत नाही, मग मागे घेते, परत बघते. चुकले तर थाप मारायला कोणी नाही.

परवा आई आतून ओरडली, "काय लावलंस गो? आवाज का न्हाय त्याला?"

मी हात वर केला. म्हटलं, "थांब जरा. ऐकतेय."